पाय गरम आहेत, घेतलं

६ जानेवारी

बारके,

फोनवर आपण दोघी भांडतो. मी चार वाक्यं बोलते, तू पलीकडून 'हं' म्हणतेस, आणि ते 'हं' ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून पत्र. कागदातून तुझं 'हं' ऐकू येत नाही.

आई बरी आहे. मोतीबिंदू पिकत आलाय, पण शेजारच्या दारात कोण आलं, कोण गेलं, हे तिला अजून अचूक दिसतं. तू पाठवलेला गरम कोट पोचला. तो तिला एवढा मोठा होतो की त्यात ती आणि तिची काठी दोघी मावतात. तुझे भावोजी शाळेची बस चालवतात, दिवसभर पोरांवर ओरडतात आणि घरी येऊन मौनात जातात. म्हणजे सगळं तू सोडून गेलीस तसंच आहे.

मी तुझ्यावर रागावले आहे हे तुला माहीत आहे, पण कशासाठी ते तू चुकीचं धरून बसलीयस. तू पैशासाठी गेलीस म्हणून नाही. तिकडचा एक महिन्याचा पगार म्हणजे इथलं अर्धं वर्ष, आणि इथला पगार तोही महिना उलटून गेल्यावर हातात पडणार. कोणीही गेलं असतं. माझा राग वेगळाच आहे. तू माझ्या हातात चार्ज न देता गेलीस.

आपल्या बाळांच्या खोलीत चार्ज कसा देतात, हे तिकडच्या हवेत विसरली असशील म्हणून आठवण करून देते. मोठ्या बाई हेड सिस्टर असताना त्यांनी घालून दिलेली पद्धत. ड्युटी नुसतं तोंडाने सांगून संपत नाही. जाणारीने काचेच्या पेटीत हात घालून बाळाचं पाऊल धरायचं आणि सगळं सांगायचं. दूध किती गेलं, श्वास कसा आहे, आईचं रडणं थांबलं का. येणारीने हात चोळून गरम करायचे, ते पाऊल स्वतःच्या हातात घ्यायचं, गरम आहे की गार पडलंय ते बघायचं, आणि मोठ्याने म्हणायचं, "घेतलं." तो शब्द कानावर पडेपर्यंत जाणारीने पाऊल सोडायचं नाही. बस चुकली तरी, घरी पाहुणे खोळंबले तरी.

शेवटच्या दिवशी तू सगळ्या बाळांची पावलं कुरळीच्या हातात दिलीस. कुरळी तेव्हा नवीन होती. मी शेजारच्या वॉर्डात होते. एक हाक मारली असतीस तर धावत आले असते. तुला वाटलं, ताई 'घेतलं' म्हणणारच नाही. मला विचारायच्या आधीच माझं उत्तर ठरवून तू मोकळी झालीस. ते मला लागलंय.

असो. तू गेल्यावर आणखी दोघी गेल्या. भिंतीकडच्या पेट्यांवर आम्ही चादरी टाकून ठेवल्यात. पेट्या चांगल्या आहेत, बाळंही जन्माला येतायत, हात नाहीत. जास्तीची बाळं गाडीत घालून मोठ्या शहरात पाठवतो, आणि गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत मी दारातच उभी राहते. आता वरून निरोप आलाय की आणखी एक जरी सिस्टर कमी झाली तरी खोलीला कुलूप लावा. मोठे डॉक्टर तो कागद खिशात घालून फिरतात आणि कोणालाही दाखवत नाहीत. सगळ्यांना माहीत आहे.

एक काम होतं. कुरळीने तिकडच्या भाषेचा क्लास लावलाय. मी तिला चांगली झापली. पण विचारतेय बिचारी, म्हणून विचारते. तोंडी परीक्षेत काय काय विचारतात? क्लासचे मास्तर म्हणतात, चार्ज द्यायला लावतात, पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगायची. 'गार' आणि 'थंड' याला तिकडे एकच शब्द आहे का? आणि दिवसभर उभं राहावं लागतं का? गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला झेपेल का?

हे सगळं कुरळीसाठी.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

बारके,

"कुरळी पंचविशीची आहे, तिचे गुडघे कधीपासून कुरकुरायला लागले?" हा चावटपणा तुला शोभत नाही. हल्लीच्या मुलींचे गुडघे लवकर जातात. तिकडच्या भाषेत चार्ज कसा देतात त्याचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मिळालं. तुझा आवाज ऐकून आई मोबाइलला कान लावून बसली, तिला एक अक्षर कळलं नाही, तरी म्हणाली, "छान बोलते गं माझी पोर." तुझे भावोजी बसमध्ये कानात घालून ऐकतात आणि पोरं चढली की त्यांना तिकडच्या भाषेत 'सावकाश' म्हणतात. त्यांचे उच्चार माझ्यापेक्षा बरे आहेत. म्हणजे कुरळीपेक्षा.

आता माझी पाळी. तू लिहिलंस, "आठ नंबरच्या आजोबांचे पाय गार पडले की त्यांना झोप लागत नाही, म्हणून मी आधी मोजे घालते आणि मग दिवा घालवते."

बारके, बाळांच्या वॉर्डात आजोबा कुठून आले?

पत्र मी पुन्हा वाचलं. मग तू आईला पाठवलेली मागची सगळी पत्रं काढून वाचली. एकाही पत्रात बाळाचं रडणं नाही. आई बाजारात सगळ्यांना सांगते की माझी धाकटी तिकडे काचेच्या पेटीतली बाळं सांभाळते, आणि तू आम्हाला ते सांगू दिलंस. तुझ्या इथल्या परीक्षा तिकडे धरत नाहीत म्हणून तुला वृद्धाश्रमात काम दिलंय, असंच ना? अंघोळी घालायच्या, भरवायचं, कूस बदलायची. ते काम हलकं नाही, मला माहीत आहे. पण मिटल्या डोळ्यांनी पेन्सिलीएवढ्या हातात शीर शोधणारी तू. आम्हाला सापडली नाही की आम्ही तुला हाक मारायचो, आणि तू हात काखेत धरून गरम करत यायचीस. आता तुला कूस बदलायचे जेवढे पैसे मिळतात तेवढे इथे शीर शोधायचे कधी मिळाले नाहीत. मी पुष्कळ डोकं खाजवलं. वेडं कोण आहे, ते मला ठरवता येईना.

मला राग यायला हवा होता की फसवलंस. आलाच नाही. रडू आलं. आईला सांगितलेलं नाही.

पण तू पुढे जे लिहिलंस ते मी तुझ्या भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. तू आजोबांचा चार्जसुद्धा पाऊल धरून देतेस. तिथल्या मुली आधी हसल्या, मग त्यातली एक तुझ्याबरोबर करायला लागली, आणि आता आजोबाच चार्जच्या वेळी पाय पांघरुणाबाहेर काढून वाट बघत बसतात. मोठ्या बाईंना सांगितलं. त्या रिटायर झाल्यापासून कुणाचं कौतुक करत नाहीत. म्हणाल्या, "हात आधी चोळते का विचार."

चोळतेस का?

ताई

११ मार्च

बारके,

तुला कळलेलंच आहे, पण माझ्या हाताने लिहिते. परीक्षा मी दिली. कुरळी नाही. म्हणजे कुरळीनेही दिली, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. सगळं सांगते, हसू नकोस.

परीक्षेच्या दिवसासाठी मला रजा हवी होती. ड्युट्यांचा चार्ट मीच लावते. आईच्या डोळ्यांची तपासणी, असं कारण मी स्वतःच स्वतःला दिलं आणि मंजूर केलं. मग आमच्या खोलीतली लांबडी आली, तिची दाढ त्याच दिवशी काढायची होती. खोलीत एकच पुरुष, आपला ब्रदर, त्याच्या मावसभावाचं लग्न त्याच दिवशी. कुरळीचं पोट तर दोन दिवस आधीच, त्या दिवशी दुखणार म्हणून ठरलेलं. एरवी मी तिघांनाही सोलून काढलं असतं. पण माझ्याच मनात चोर. म्हटलं, जास्त विचारायला गेले तर आपलंच बाहेर पडायचं. सगळ्यांना रजा दिली. शेजारच्या वॉर्डातून एक सिस्टर उसनी घेतली, मोठ्या बाईंना हातापाया पडून बोलावलं, आणि मोठे डॉक्टर म्हणाले की आज मी खोलीतून हलत नाही.

परीक्षेच्या हॉलच्या दारात पहिला दिसला तो ब्रदर. मावसभावाचं लग्न बहुतेक तिथेच होतं. मागून लांबडी आली, दाढ जागेवर. कुरळी जिन्यात आम्हाला बघून मागे वळायला लागली, तर मी मागून तिची पर्स धरली. आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. मग लांबडीला हसू फुटलं आणि कुरळी रडायला लागली. वर्षभर एकाच खोलीत काम करतोय, एकाच मास्तरांच्या वेगवेगळ्या वेळांना जातोय, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच गद्दार.

तोंडी परीक्षेत मला चार्जच द्यायला सांगितला. समोर एक बाई, पुढची सिस्टर म्हणून बसलेली. मी तुझ्या रेकॉर्डिंगमधल्यासारखी सुरुवात केली, आणि बोलता बोलता माझा हात टेबलावर पुढे गेला, पाऊल धरल्यासारखा. त्या बाईने लिहून घेतलं, मान हलवली, म्हणाली धन्यवाद. तिने 'घेतलं' म्हणायची मी वाट बघत बसले. शेवटी तिने दाराकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी चौघे एकाच बसने परत आलो आणि कुणी न ठरवता सरळ वॉर्डात गेलो. मोठे डॉक्टर खिडकीजवळच्या पेटीशी उभे होते. केस विस्कटलेले, ॲप्रनवर दूध सांडलेलं, आणि हात पेटीत. मोठ्या बाईंनी त्यांना दिवसभर कामाला जुंपलं होतं आणि आता चार्ज दिल्याशिवाय सोडत नव्हत्या. आम्हाला बघून त्यांना हायसं वाटलं. "आलात! दूध व्यवस्थित गेलंय, श्वास चांगला आहे, पाय गरम आहेत. घ्या. कोण घेतंय?"

कोणीच पुढे झालं नाही.

बारके, आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून तो शब्द निघेना.  डॉक्टर एकेकाकडे बघत होते, पाऊल धरून. त्यांना वाटलं आम्ही चेष्टा करतोय. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. मी हात चोळले, पुढे झाले आणि पाऊल घेतलं. म्हटलं, "घेतलं. आजच्यापुरतं."

"आजच्यापुरतं म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मग सांगितलं. दाढ, लग्न, पोट, आईचे डोळे, सगळं. ते ओरडले नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आज सकाळपासून मला एकदाही बसायला मिळालं नाही. तुम्हाला कोणत्या तोंडाने थांबा म्हणू?" खिशातला तो कागद काढून त्यांनी पहिल्यांदा आमच्यासमोर ठेवला. मोठ्या बाई म्हणाल्या, "थांबा म्हणू नका. काय दिलं तर थांबतील ते विचारा. इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही."

आता ते विचारणं चाललंय. बघू.

ताई

२ मे

बारके,

मी पास झाले. काठावर, पण पास. ब्रदर पहिला आला. तुझे भावोजी म्हणतात, "परीक्षा मी दिली असती तर पदक आणलं असतं."

आणि खोलीला कुलूप लागणार नाहीये!

डॉक्टरांनी वरच्या साहेब लोकांना मीटिंगसाठी बोलावलं, ते ऑफिसात नाही, आमच्या खोलीत. चप्पल बाहेर, हात धुऊन, उभ्याने. आम्ही चौघांनी आपापले निकाल नेले होते. धमकी दिली नाही, विनवणीही केली नाही. ब्रदर म्हणाला, "साहेब, तिकडच्याएवढा पगार द्या असं आम्ही म्हणत नाही, ते तुमच्या हातात नाही. पण इथे राहणारा माणूस मूर्ख ठरू नये, एवढा तरी द्या." मला तो पोरगा त्या क्षणी फार आवडला.

बरीच घासाघीस झाली. दोनदा मीटिंग मोडली. एका साहेबांनी सेवाभाव हा शब्द काढला तेव्हा मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी तो परत आत घातला. शेवटी कंत्राटावरच्या सगळ्यांना कायम केलं. पगार वाढला, तिकडच्याच्या जवळपासही नाही, पण महिन्याच्या पहिल्या तारखेला येतो आणि घर चालतं. आणि मला ज्यासाठी भांडायचं होतं तेही मिळालं. कुणाला जायचं असेल तर जाऊ द्यायचं, एका वेळी एकाच माणसाने, दोन वर्षांसाठी, आणि त्याची जागा राखून ठेवायची. पण बदलीचा माणूस पेटीजवळ उभा राहून 'घेतलं' म्हणेपर्यंत जायचं नाही. साहेबांनी त्याला काहीतरी लांबलचक कलम म्हटलंय. आम्ही 'पावलाचा नियम' म्हणतो.

उसनी घेतलेली सिस्टर आता आमच्याकडेच दिलीय, म्हणून भिंतीकडच्या दोन पेट्यांवरच्या चादरी काढल्या. एकीत जुळ्यातली धाकटी आहे. मूठभर आहे, पण आवाज तुझ्यासारखा.

लांबडी आता म्हणते, जात नाही. कुरळीला पुढच्या वर्षी जायचंय. चोरून नाही, सांगून.

आणखी एक. आधी गेलेल्यांना परत यायचं असेल तर जुन्या नोकरीची वर्षं धरून घेणार आहेत. तू ये असं मी म्हणत नाही. तुझं तिकडे चांगलं चाललं असेल तर मला आनंदच आहे. फक्त सांगून ठेवते. खिडकीजवळची पेटी आहे तिथेच आहे.

ताई

२८ जून

बारके,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आजोबांचंही सांगून टाकलं, आता लपवण्यात काय अर्थ. तिने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हाताऱ्यांचे पाय धुते ना? मग उशिरा का होईना, वळण लागलं म्हणायचं." आणि कोटात तोंड खुपसून रडली.

तू येतेस. हे वाक्य मी दोनदा लिहून बघितलं. तू येतेस.

आणि शेवटी तू जे टाकलंस, "ताई, मी आले की तुझी पाळी. निकाल काय फ्रेम करून लावणार आहेस?" त्यावर इथे आठवडाभर महाभारत चाललंय. पगार वाढला, खोली वाचली, मग आता तू का जातेस, असं लांबडी विचारते. मी तिला खरं ते सांगितलं. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन चांगल्या ठिकाणी करायचंय, घरात एक खोली वाढवायचीय, ही कारणं आहेतच. पण आजवर माझ्या कामाला सगळे पुण्य म्हणत आले. पुण्य पासबुकात चढत नाही. एकदा तरी मला बघायचंय, माझे हात दुखतात त्याचे नीट पैसे मिळाले की कसं वाटतं. दोन वर्षं, तोवर कुरळी थांबायला तयार आहे. मग मी परत येऊन तुझ्यावर ओरडायला मोकळी.

तुझे भावोजी ऐकून बाहेर बस धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी बसमधून आले आणि तिकडच्या भाषेत म्हणाले, "सावकाश जा." एवढंच येतं त्यांना नीट. भाजी करायला शिकतायत. काल करपलेली आम्ही सगळ्यांनी खाल्ली.

आई म्हणते, "एक आली की दुसरी निघाली. माझ्या दोन्ही पोरी एका वेळी मला काही मिळायच्या नाहीत." पण तुझी गादी तिने आत्ताच उन्हात टाकलीय.

तुझ्या वृद्धाश्रमाच्या बाईंनी तुझ्या जागी मला घ्यायचं कबूल केलं, हे वाचून मला आधी हसू आलं, मग भीती वाटली. मोठी माणसं मी कधी सांभाळलेली नाहीत. आईसुद्धा मला सांभाळू देत नाही. तेव्हा तुझ्या आजोबांचा चार्ज मला दे. ते झोपेत असतील, तू विमानात असशील, आपली गाठ तिथे पडणार नाही, म्हणून लिहून दे. दूध घेतात का चहा, कोणत्या कुशीवर झोपतात, कुणाची आठवण काढतात. एकही गोष्ट गाळू नकोस.

इथे मात्र मी तुझी वाट बघत उभी असेन. सामान घरी टाकायचं नाही, अंघोळ करायची नाही, सरळ वॉर्डात यायचं. हात धुऊन, चोळून. मी सोडणार नाही तू म्हणेपर्यंत.

तुझी ताई

१७ सप्टेंबर

बारके,

पहिलं पत्र इथून. खोलीला छोटी खिडकी आहे, खाली रस्ता ओला आहे आणि माझे गुडघे कुरकुरतायत. कुरळीला सांग.

त्या दिवशी वॉर्डात सांगायचं राहिलं, ते आता सांगते. तू दारातून आलीस ती हात काखेत धरूनच. विमानातून उतरलेला चेहरा, पण हात आधीच गरम करत होतीस. मी खिडकीजवळच्या पेटीतल्या बाळाचं पाऊल धरून दूध, श्वास, वजन सगळं सांगितलं. तू पाऊल घेतलंस. अंगठ्याने तळवा दाबलास. आणि एवढ्या मोठ्याने 'घेतलं' म्हणालीस की सगळी बाळं एकदम रडायला लागली. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं, आता ही गप्प करेल." मग मी सोडलं. इतकी वर्षं माझ्या मनात अडकून पडलेलं काहीतरी त्या पावलाबरोबर सुटलं. हे मला विमानात बसल्यावर कळलं.

इथे काल संध्याकाळी माझी पहिली ड्युटी होती. तुझा कागद मी वाटेत पाठ केला होता. आठ नंबरच्या दारात गेले. आजोबा जागे होते, आणि तू लिहिलं होतंस तसंच एक पाऊल पांघरुणाबाहेर काढून बसले होते. मला बघून त्यांनी तुझं नाव घेतलं. मी त्यांच्या भाषेत सांगितलं, ती माझी धाकटी बहीण, ती घरी गेली, तिने मला पाठवलंय. माझे उच्चार त्यांना कळले का नाही, कोण जाणे. पाऊल त्यांनी आत घेतलं नाही.

मी हात चोळले. पाऊल हातात घेतलं. हाडं हाताला लागत होती आणि बोटं गार होती. ड्रॉवर उघडला, तू म्हणालीस तिथेच करडे मोजे होते. घातले, आणि गरम होईपर्यंत धरून बसले.

झाले गरम. तू आता सोड, बारके.

घेतलं.